खाक्यातली भुवई

"आई, मुकुटातले खडे हिरवे का केलेस?" मागून मुलीने विचारलं.

"निळेच आहेत," मी म्हटलं.

ती वाद घालत बसली नाही. फलकाशेजारच्या दोन वाट्या उचलून खिडकीपाशी गेली आणि मला तिकडे बोलावलं. एका वाटीत मी हिरव्या मातीचा रंग कालवला होता, दुसरीत निळा. कडक उन्हात धरल्यावर दोन्हींत थोडा फरक असावा असं वाटलं. परत टेबलावर ठेवल्या, तर दोन्ही वाट्यांत तोच एक काळपट राखी रंग. पस्तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांची रंगसंगती तपासली, आणि मला निळ्यातून हिरवा वेगळा काढता येत नव्हता. ब्रश धुऊन ठेवले. संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाही.

चित्र पद्मपाणीचं होतं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, गाभाऱ्यापुढच्या छोट्या दालनाच्या, म्हणजे अंतराळाच्या, दोन बाजूंना दोन बोधिसत्त्व आहेत. आपल्या डाव्या हाताला पद्मपाणी, उजव्या हाताला वज्रपाणी. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे काम. मी ते पहिल्यांदा पाहिलं १९७९ साली, ए.टी.डी.च्या, म्हणजे कलाशिक्षक पदविकेच्या सहलीत. तेव्हा लेण्यात एक माणूस लांब वायरीचा दिवा हातात धरून भिंतीवरून फिरवायचा. दिवा जाईल तेवढंच चित्र दिसायचं. आधी कमळ धरलेला हात दिसला. मग रुंद खांदा, गळ्यातले मोती. मग दिवा वर गेला आणि ते मिटत आलेले डोळे दिसले. दिवा पुढे सरकला, त्याच्यामागून सगळा वर्गही सरकला. मी अंधारात तिथेच उभी राहिले, कारण चेहरा दिसेनासा झाला तरी भुवईची रेषा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

धनुष्यासारखी ताणलेली, टोकाकडे निमुळती होत गेलेली रेषा. ती ओढणारा हात मध्ये कुठे थांबला असेल असं वाटतच नाही. तिच्याखाली जड पापण्या आणि खाली वळलेली नजर. हातात कमळ आहे, पण नजर कमळावर नाही. समोर कुणीतरी खाली बसलं आहे, त्याचं पुरतं ऐकून घ्यायचं आहे आणि घाई कसलीच नाही, असा तो चेहरा. पुढे मी नोकरीला लागले, साठ-साठ मुलांच्या वर्गात बाकांमधून फिरू लागले, तेव्हा कागदावर हात आडवा धरून चित्र लपवणाऱ्या मुलाकडे कसं पाहायचं हे मला कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलं गेलं नव्हतं. ते मी या चेहऱ्याकडून घेतलं. मान थोडी कलती, नजर खाली, तोंडातून शब्द नाही. मूल आपण होऊन हात बाजूला घेतं.

आम्हाला शिकवणारे सर विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राचा एक श्लोक नेहमी सांगायचे. त्याचा अर्थ असा, की आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायाप्रकाशाची, स्त्रियांना दागिने आवडतात आणि बाकीच्या लोकांना रंगांची रेलचेल. स्त्रियांबद्दलचं ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. रेषेबद्दलचं मात्र पटायला माझ्या आईचं बोट कारणीभूत झालं.

ते १९९४ साल. मी ठरवलं होतं की पद्मपाणीचा चेहरा ते छाती एवढा भाग शक्य तितका मूळ पद्धतीने करायचा. अजिंठ्यात बेसॉल्टची भिंत छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवलेली आहे, गिलावा धरावा म्हणून. त्यावर मातीत भाताचा तूस, गवताचे तुकडे, वनस्पतींचे धागे मिसळून केलेला थर, आणि त्यावर चुन्याचा पातळ हात. ओल्या चुन्यावर रंग देण्याची ही पद्धत नव्हे. गिलावा वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. मी लाकडी फळीवर सुतळीचं जाळं ठोकून त्यावर मातीचा थर दिला. पहिला फलक वाळताना भेगाळला, थर फार जाड झाला होता. दुसऱ्यालाही कडेने भेग गेली. तिसऱ्या वेळी माती तीनदा वस्त्रगाळ केली, तूस वाढवला, तीन पातळ थर दिले आणि प्रत्येक थर सावलीत वाळवला. तो टिकला.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरूने थेट भिंतीवर रेखाटन केलं आहे. ती छाती माझ्यात नव्हती. छापील चित्रावर चौकडी आखून मी ते मोठं केलं, सहा वेळा लेण्यात जाऊन पेन्सिलने दुरुस्त केलं आणि मग खाका पाडला. खाका म्हणजे रेखाटनाच्या कागदावर रेषेच्या अंगाने सुईने बारीक भोकं पाडत जायचं. मग कागद फलकावर धरून गेरूच्या पुरचुंडीने थोपटायचं, की भोकांतून गेरू उतरतो आणि ठिपक्यांची रेषा उमटते. एकट्या भुवईला एकशे चाळीसच्या वर भोकं होती. ती पाडायला मला एक अख्खी दुपार लागली, कारण सुई जरा इकडे-तिकडे झाली की वळण मोडत होतं.

आई तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. तिला काचबिंदू होता. कळायला उशीर झाला आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यांतला दाब आटोक्यात ठेवून उरलेली तेवढी सांभाळायची असते. त्या वर्षी तिला उजेड आणि माणसाची सावली एवढंच कळत होतं. मी खाका जमिनीवर उलटा पसरला होता, भोकं नीट आरपार गेली की नाही ते बघायला. आई शेजारी बसली आणि तिने सहज कागदावर हात ठेवला.

सुई एका बाजूने टोचली की कागदाच्या मागे बारीक उंचवटे येतात. तिच्या बोटाला ते लागले.

"हे ठिपक्यांच्या कागदासारखं लागतंय गं," ती म्हणाली.

रांगोळीचा ठिपक्यांचा कागद तिने जन्मभर घरीच केला होता, पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडत. त्या सवयीने ती बोट पुढे पुढे नेऊ लागली. कुठलीही वस्तू चाचपताना ती हल्ली बिचकायची, पण इथे बोट अडखळत नव्हतं. नाकाच्या दांड्यावरून वर आली, वळली, लांब जाऊन थांबली.

"ही भुवई का?"

मी हो म्हटलं. ती परत मागे आली आणि त्याच वाटेने पुन्हा गेली. मग बोट वर सरकवून म्हणाली, "आणि इथं काहीच नाही?"

"तिथे कपाळ आहे, आई."

"मग बरीच मोकळी जागा ठेवलीय होय त्याने." थोड्या वेळाने म्हणाली, "शांत असेल मग."

मी तिला तोपर्यंत चित्राबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. पुढचे कित्येक दिवस दुपारी ती तो कागद मागून घ्यायची. ओठांपाशी आली की म्हणायची, खालचा ओठ जाड आहे. आणि ते खरंच आहे, खालचा ओठ जरा पुढे आलेला आहे. २००३ मध्ये आई गेली. हे चित्र माझं आवडतं का, असं कुणी विचारलं की मला आधी तो दिवा आठवतो, आणि मग हे बोट.

ती अनुकृती शाळेच्या चित्रकला वर्गात लावली होती. निवृत्तीनंतर काही वर्षांनी पाहायला गेले, तर भिंतीला ओल येऊन गिलावा सुटला होता आणि अर्धा चेहरा पोपड्यांनी गेला होता. अजिंठ्याच्या अनुकृतींचं हे फार जुनं दुखणं आहे. ब्रिटिश सैन्याधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षं लेण्यांत काढून केलेली बहुतेक चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ अशी तेरा वर्षं घालून पुन्हा केली, आणि त्यांतलीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेली. माझ्यासारखीने रडत बसण्यात अर्थ नव्हता. खाका माझ्याकडे होता. २०२३ मध्ये मी नवा फलक करायला घेतला, आणि त्याच फलकाशेजारी त्या दोन वाट्या होत्या.

डॉक्टरांकडे जाताना माझ्या मनात एकच शब्द होता, काचबिंदू. आईला असला तर मुलांनी तपासत राहावं लागतं, आणि मधल्या दोन वर्षांत मी तपासणी टाळली होती. टाळायला कारणही मिळालं होतं. जवळचं वाचायला चष्मा लागेनासा झाला होता, मला वाटलं डोळे सुधारले. डॉक्टरांनी आधी दाब मोजला, मग बाहुली मोठी करून मागची नस पाहिली. म्हणाले, "नस चांगली आहे. हा मोतीबिंदू आहे. भिंग मधोमध पिवळं-तपकिरी झालंय." चष्मा सुटला तो त्यामुळेच, भिंगाचा गाभा घट्ट होत जातो तशी नजर जवळच्या बाजूला झुकते. आणि पिवळं भिंग पहिल्यांदा निळा प्रकाश अडवतं. इतकं सावकाश होतं, की माणसाला कळत नाही. कागद पिवळट दिसतो, पण आपण त्यालाच पांढरा म्हणत राहतो.

मी तिथेच खुर्चीत रडले. डॉक्टरांना वाटलं ऑपरेशनची भीती. मुलीला कळलं.

भिंग निवडताना त्यांनी विचारलं, लांबचं स्पष्ट हवं की जवळचं? बसवतात ते साधं भिंग एकाच अंतरासाठी असतं, दुसऱ्यासाठी चष्मा लावावा लागतो. चित्र काढणाऱ्या बाईने जवळचं घ्यावं असं मुलीचं मत होतं. मी लांबचं घेतलं. लेण्यात कठड्याच्या अलीकडून भिंतीकडे बघताना मध्ये चष्म्याची काच नको होती. काही कृत्रिम भिंगांना मुद्दाम पिवळसर छटा दिलेली असते, तीही नको म्हणून सांगितलं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. उजवा डोळा आधी. बधिर करणारे थेंब, चेहऱ्यावर कापड, डोळ्यावर लख्ख दिवा. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी जुनं भिंग फोडून ओढून घेतात आणि घडी केलेलं नवं भिंग त्याच पिशवीत उलगडतात. दुखलं नाही. पाणी वाहत असल्यासारखं वाटलं, आणि दिव्याचे तीन ठिपके विरघळत गुलाबी, मग निळे झाले. निळे, हे मला स्पष्ट कळलं. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची जाळी काढली. समोर नर्सबाईंचा अंगरखा होता. मी विचारलं, "हा पांढराच आहे ना?" मला तो निळसर दिसत होता. त्या म्हणाल्या, "पांढराच आहे मावशी, सगळेच असं विचारतात." घरी येऊन एक डोळा झाकायचा, मग दुसरा, हाच उद्योग. उजव्याने स्वयंपाकघराची फरशी दुधासारखी, डाव्याने तीच जुन्या वर्तमानपत्रासारखी. त्या दोन वाट्या मुलीने जपून ठेवल्या होत्या, रंग वाळून तळाशी बसला होता. उजव्या डोळ्याने पाहिलं तर एक हिरवी आणि एक निळी, लांबूनसुद्धा. डाव्याने अजून सारख्याच.

डाव्या डोळ्याची तारीख दीड महिन्याने होती. मी मुलीला म्हटलं, डावा व्हायच्या आत मला अजिंठ्याला ने. असे दोन डोळे पुन्हा मिळायचे नाहीत.

महिनाभर थेंब, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, रात्री जाळी. ते संपलं आणि डॉक्टरांनी धुळीचा चष्मा लावून जायला सांगितलं. फर्दापूरच्या फाट्यावरून बस, पायऱ्या, मग पहिलंच लेणं. चपला बाहेर. आता लेण्यात वायरीचा दिवा नाही; मंद दिवे कायमचे बसवलेले आहेत आणि एका वेळी थोड्याच लोकांना आत सोडतात. डोळा अंधाराला सरावेपर्यंत मी खांबापाशी थांबले.

मग आधी उजवा डोळा झाकला. माझ्या ओळखीचा पद्मपाणी समोर आला, सोनेरी-तपकिरी, उन्हात वाळलेल्या पानासारखा. मग डावा झाकला. मागची कपार अंगापासून सुटी झाली; हिरवा हिरव्याच्या जागी गेला, गेरूचा तांबडा त्याच्या जागी. आणि मुकुटात निळा होता. अजिंठ्याचे बाकीचे रंग आसपास मिळणाऱ्या वस्तूंचे आहेत, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. निळा तेवढा बाहेरचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला लाजवर्द, निळा दगड. एवढ्या लांबून आणलेला रंग, तो किती जपून, किती थोडा वापरला आहे ते मला त्या दिवशी दिसलं. त्याआधी कित्येक वर्षं मी त्याला काळ्यात जमा करत होते.

मला आणखी एक गोष्ट आठवत होती. १९२० ते १९२२ मध्ये निजामाच्या सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ते मोलाचं काम झालं. पण चित्रांवर लाखेचं रोगण दिलं. ते कालांतराने पिवळं पडलं, त्यावर धूळ-धूर बसला, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते इंच-इंच करत उतरवावं लागलं. म्हणजे ज्या सोनेरी झाकेवर मी जुन्या छापील चित्रांत जीव टाकला होता, ती काही अंशी तरी रोगणाची होती. नंतरची माझ्या भिंगाची. चित्रकाराने तो रंग दिलाच नव्हता. याचं मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

कारण मी पुन्हा डोळे बदलले, दहा वेळा तरी. रंग प्रत्येक वेळी बदलत होते. भुवई हलत नव्हती. धूसर डोळ्याने ती जरा जाड, नव्या डोळ्याने कडा धारदार, पण वळण तेच, थांबण्याची जागा तीच. नाकाच्या दांड्यावर आणि खालच्या ओठावर चित्रकाराने फिकट रंगाचा उजेड ठेवला आहे, तोही दोन्ही डोळ्यांना दिसत होता. मग मी दोन्ही डोळे मिटले. पहारेकरी म्हणाला, "आजी, बरं वाटतंय ना?" मी हो म्हटलं. त्याने पुढे चला म्हटलं नाही, मागच्या लोकांना दुसऱ्या बाजूने वळवलं. त्याचे मी आभार मानले.

डाव्याचं ऑपरेशन झालं. आता दोन्ही डोळे सारखं बोलतात आणि झाकून पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. मुलीने हिरवे खडे खरवडून काढायला सांगितलं, पण मी तो फलकच बाजूला ठेवला आणि नवा मातीचा फलक केला. जाड थराची चूक या वेळी झाली नाही.

परवा खाका उघडला. कागद तीस वर्षांचा झालाय, घड्यांवर विरलाय. फलकावर धरून गेरूची पुरचुंडी थोपटत गेले. मुकुट उतरला, नाक उतरलं, ओठ उतरले. भुवईच्या वळणापाशी मात्र ठिपके आलेच नाहीत, तीन-चार बोटांएवढी जागा कोरी. कागद उलटा करून उजेडात धरला. तिथले उंचवटे घासून सपाट झाले होते आणि भोकं बुजली होती. आई तिथेच सगळ्यांत जास्त रेंगाळायची.

शिवणाच्या डब्यातून बारीक सुई काढली. जवळचा चष्मा लावला. बुजलेलं पहिलं भोक शोधलं आणि त्याच्याच मधोमध सुई टेकवली.